घरात पणजी शहराचे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडले तर काय करायचं

चवथीच्या आधी साफसफाई निघाली की गोव्यातल्या बऱ्याच घरांत माळ्यावरची ट्रंक खाली येते, आणि लग्नपत्रिका, जमिनीचे कागद, जुन्या पावत्या यांच्या खाली फोटोंचं एक पाकीट निघतं. दोन दिवस सगळे हौसेने बघतात, मोबाईलवर काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात, आणि पाकीट परत ट्रंकेत जातं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या फोटोवर जागा, अंदाजे साल आणि माणसांची नावं लिहिलेली नाहीत तो पुढच्या पिढीत कोणाचाच राहत नाही. पणजी आणि तिच्याजवळचं जुने गोवे (ओल्ड गोवा) यांचे असे शेकडो फोटो घराघरांत पडून असणार. ते वाचायला शिकणं फार कठीण नाही, त्याला एक भिंग, एक पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो, आणि ज्यांनी आधी कधी हे केलेलं नाही त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी, काय करायचं नाही ते

ओल्या फडक्याने पुसायचं नाही. फोटोची वरची पातळ थर जिलेटिनची असते, पाणी लागलं की फुगते, मऊ होते आणि बोटाबरोबर निघून येते. हात धुवून पूर्ण कोरडे करा, फोटो कडांना धरा, धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने हलकेच बाहेरच्या बाजूला काढा, बस. दोन फोटो एकमेकांना चिकटलेले असले तर ओढू नका. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटलाय (आपल्याकडे पावसाळ्यात हे हमखास होतं) तर काचेसकट ठेवा, काचेवरूनच स्कॅन होतो. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क लावून, पंखा बंद करून, आधी कोरड्या सावलीच्या जागी एक-दोन दिवस ठेवा आणि बुरशी वाळली की मगच ब्रश. उन्हात ठेवायचं नाही, कागद वळतो आणि थराला तडे जातात.

आणि लॅमिनेशन. हात जोडून सांगतो, करू नका. झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटांत होतं म्हणून लोक करतात, पण गरम प्लास्टिक आणि गोंद त्या थरात एकदा बसला की परत काढायचा मार्गच नाही. सेलोटेपचंही तेच.

मग फोटो उलटा करा

नवीन माणूस फोटोची पुढची बाजू बघत बसतो, पण निम्मी माहिती मागे असते. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेला नंबर, कोणाला पाठवला त्याचं नाव, कधी पोस्टाचं तिकीट. दोन्ही बाजूंचे मोबाईलवर साधे फोटो काढून ठेवा, पुढे काही झालं तरी नोंद राहते.

शिक्का पोर्तुगीजमध्ये असेल तर स्पेलिंग बघा. 1911 ला पोर्तुगालने शुद्धलेखनाचे नियम बदलले, त्याआधी फोटोग्राफियातला 'फ' पी-एच ने लिहायचे, नंतर नुसत्या एफ ने. जुनी अक्षरं आणि जुने पुठ्ठे दुकानात पुढेही वापरले गेले असणार, त्यामुळे पी-एच दिसलं म्हणून लगेच 1911 च्या आधीचा असं ठोकून द्यायचं नाही, पण एफ दिसला तर तो पुठ्ठा बहुतेक त्यानंतरचा. 'नोवा गोवा' लिहिलेलं दिसलं तर ती पणजी, 1843 ला राजधानी झाल्यावरचं तिचं सरकारी नाव. 'व्हेल्या गोवा' म्हणजे जुने गोवे. या दोघांत नवीन लोकांची फार गल्लत होते. सौझा अँड पॉल हे नाव दिसलं तर तो फोटो जास्तच जपा, नोवा गोवाचे ते नावाजलेले फोटोग्राफर, शहराची आणि जुने गोवेच्या चर्चची कितीतरी जुनी दृश्यं त्यांच्याच कॅमेऱ्यातली आहेत.

पोस्टकार्ड असेल तर मागच्या बाजूला मधोमध रेघ आहे का बघा, एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला मजकूर. ही विभागणी जगभर 1900 ते 1910 च्या दरम्यान आली. रेघ नसेल आणि मजकूर चित्राच्याच कडेला कोंबून लिहिलेला असेल तर कार्ड त्याआधीच्या पद्धतीचं. आणि भिंगाखाली बारीक ठिपके ठिपके दिसले तर तो छापखान्यात छापलेला आहे, फोटो नाही. पुस्तकातून कापलेली पानं फ्रेम करून ठेवलेली पुष्कळ घरांत असतात.

कागद काय सांगतो

हा भाग पटकन संपवतो. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग पिवळट-तपकिरी, भिंगातून कागदाचे तंतू दिसतायत: अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद, साधारण 1850 च्या दशकापासून 19व्या शतकाच्या शेवटापर्यंतचा. खरं काळं-पांढरं, आणि तिरप्या उजेडात काळ्या भागावर निळसर चंदेरी चमक येते: जिलेटिन सिल्व्हर, 20व्या शतकातले बहुतेक फोटो हेच. कागद हाताला प्लास्टिकसारखा लागतो आणि पाण्याने फुगत नाही: 1970 च्या आसपासचा किंवा नंतरचा प्रिंट. मात्र एवढं लक्षात ठेवा की प्रिंट नवा आणि निगेटिव्ह जुनी असं होऊ शकतं, आजोबांच्या काचेच्या प्लेटवरून नातवाने 1980 ला प्रिंट काढली तर कागद 1980 चाच म्हणणार. म्हणून नुसत्या कागदावर विसंबायचं नाही, चित्राच्या आत शिरायचं.

आता खरं काम: चित्रातून साल काढणं

एक वही घ्या, प्रत्येक फोटोला एक पान, आणि पानावर दोन रकाने करा, 'याच्या नंतर' आणि 'याच्या आधी'. नेमकं साल शोधायचंच नाही. फोटोत काय उभं आहे त्यावरून पहिला रकाना भरायचा आणि काय अजून उभं राहिलेलं नाही किंवा अजून पडलेलं नाही त्यावरून दुसरा, की मधे जो काळ उरतो तोच आपला. पणजी-जुने गोवेच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, अशा खुणा भरपूर आहेत.

जुने गोवेपासून सुरू करू. बॉम जेझुस ही तिथली चर्च आज लाल चिऱ्याची दिसते, सगळ्यांना वाटतं ती पहिल्यापासून तशीच. नाही. तिच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता आणि तो 1950 च्या दशकात जीर्णोद्धाराच्या नावाखाली उतरवला. त्यामुळे घरच्या फोटोत बॉम जेझुस पांढरी दिसली तर फोटो त्याच्या आधीचा. (चिऱ्याला तो गिलावा पावसापासून वाचवायचा आणि आता भिंती उघड्यावर भिजतायत, गिलावा परत द्यावा की नाही यावर गोव्यात वाद चालू आहे. माझ्या मते तुमच्या ट्रंकेतला तो पांढरा फोटो या वादातला पुरावाच आहे.) दुसरी खूण सेंट ऑगस्टिनचा मनोरा. त्या चर्चचं छप्पर 1842 ला कोसळलं, दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग 1931 ला. आज जो एकटा अर्धा सुळका उभा दिसतो त्याच्या ऐवजी फोटोत पूर्ण दर्शनी भिंत दिसत असेल तर 1931 च्या आधीचा फोटो, डोळे मिटून लिहा.

जुने गोवेत प्रचंड गर्दी, मंडप, बैलगाड्या किंवा मोटारींची रांग दिसली तर ते बहुधा सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त किंवा बॉम जेझुसमध्ये ठेवलेल्या त्याच्या शवाचं प्रदर्शन. फेस्त दरवर्षी 3 डिसेंबरला असतं, पण 1922 पासूनच्या शवप्रदर्शनांची सालं ठरलेली आहेत: 1922, 1931, 1942, 1952, 1964, 1974 आणि पुढे दर दहा वर्षांनी. बॉम जेझुसचा रंग, गाड्या आणि कपडे बघून यातलं कुठलं ते बऱ्याचदा पकडता येतं. हिंदू घरांतूनही लोक आवर्जून जायचे, त्यामुळे असा एखादा फोटो आपल्या ट्रंकेत निघाला तर नवल वाटून घ्यायचं कारण नाही.

पणजीत पहिली जागा आदिलशहाचा राजवाडा, म्हणजे आपलं जुनं सचिवालय. त्याच्या बाजूला आबे फारियांचा (संमोहनशास्त्रासाठी ओळखले जाणारे गोव्याचे पाद्री) पुतळा आहे का? तो 1945 चा, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. पुतळा दिसला तर फोटो नंतरचा, जागा दिसतेय पण पुतळा नाही तर आधीचा. पुढे नदीच्या रस्त्याला मांडवी हॉटेल दिसतंय तर 1952 च्या सुमाराचा किंवा नंतरचा, कारण ते त्या वर्षीच्या शवप्रदर्शनासाठीच बांधलं होतं. मांडवी नदीवर पूल दिसला तर 1970 च्या आसपासचा किंवा नंतरचा, त्याआधी पलीकडच्या बेतीला जायला फेरीच. तो पूल 1986 च्या जुलैमध्ये कोसळला, त्यामुळे नदीत नुसते तुटके भाग दिसत असतील तर फोटो 1986 आणि पुढच्या थोड्या वर्षांतला. आझाद मैदानात 1847 चा खांबांचा मंडप आहे, त्यात आधी गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकेर्कचा पुतळा होता, 1961 ला गोवा मुक्त झाल्यावर तो गेला आणि तिथे स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्हांचं स्मारक आलं. म्युनिसिपल गार्डनमधला खांब 1898 चा, वास्को द गामाच्या सफरीला 400 वर्षं झाली तेव्हाचा, वर गामाचा अर्धपुतळा असेल तर मुक्तीच्या आधीचा फोटो आणि अशोकाचे सिंह असतील तर नंतरचा. दुकानाच्या पाटीवर अठरा जून रस्ता लिहिलंय? मुक्तीनंतरचा, कारण 18 जून 1946 ला राम मनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध सभा घेतली त्या दिवसाचं नाव पोर्तुगीज सरकार रस्त्याला देणं शक्यच नव्हतं. गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूने चाललीय यावरून मात्र काही निघत नाही, पोर्तुगालने 1928 ला उजवी बाजू घेतली तरी गोव्यात डावीच राहिली.

झेंडा दिसला तर सोनं. 1910 ला पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली. राजेशाहीचा झेंडा निळा-पांढरा, उभे दोन भाग, प्रजासत्ताकाचा हिरवा-लाल. आणि इथेच ब्लॅक अँड व्हाइटची गंमत समजून घ्यावी लागते, कारण जुन्या प्लेटींना निळा रंग फार लवकर दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे निळा-पांढरा झेंडा फोटोत जवळजवळ सगळाच पांढरा दिसू शकतो आणि हिरवा-लाल झेंडा सगळाच काळपट. जुन्या फोटोंत आकाश पांढरंफटक आणि ढग गायब असतात तेही याचमुळे. सगळे रंग नीट पकडणारी फिल्म साधारण 1930 नंतर सर्रास झाली.

माणसांच्या बाबतीत तर हे फारच लक्षात ठेवा. फिकट निळं लुगडं अशा फोटोत पांढरं दिसतं, कुंकू काळं दिसतं, विधवेचं लाल आलवण काळं दिसतं. पांढरं लुगडं बघून 'ही आजी विधवा होती' असं वहीत लिहून टाकलं की पुढचे सगळे तेच धरून चालणार. भिंग घेऊन कपाळ बघा, गळा बघा, हात बघा, आणि मग लिहा.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. नात्यातल्या एका काकूंकडचा फोटो, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा, चंदेरी चमक आलेला. पुढे नदीकाठचा धक्का, धोतर-कोटातले तीन पुरुष, एकाच्या हातात मिटलेली छत्री, मागे राजवाडा. मागच्या बाजूला अर्धा पुसलेला शिक्का, त्यात एफ ने सुरू होणारा शब्द. राजवाड्यावर झेंडा, दोन्ही भाग गडद, मधे फिकट गोलसर चिन्ह, म्हणजे प्रजासत्ताकाचा, म्हणजे 1910 नंतर, आणि शिक्क्यामुळे बहुधा 1911 नंतर. आबे फारिया जिथे हवेत तिथे मोकळी जागा, म्हणजे 1945 च्या आधी. कडेला मोटारगाडीचं पुढचं चाक, आऱ्यांचं. आकाश साफ पांढरं. वहीत मी '1911 ते 1945, बहुधा 1930 च्या आधी' एवढंच लिहिलं. मग काकू म्हणाल्या छत्रीवाले त्यांचे आजेसासरे आणि ते वारले तेव्हा त्यांच्या सासऱ्यांची मुंजही झाली नव्हती. सासऱ्यांचा जन्म 1914 चा, मुंज आठव्या-नवव्या वर्षी धरली तरी फोटो 1923 च्या अलीकडे येत नाही. घरातल्या एका वाक्याने तीस-पस्तीस वर्षांचा पट्टा बारा वर्षांवर आला.

एक पटकन तपासायची गोष्ट राहिली, फोटो आरशासारखा उलटा तर नाही ना. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली की पूर्ण शहर उलटं होतं आणि आपण जागा शोधत भटकत बसतो. पाटीवरची अक्षरं बघा, ती नसतील तर बायकांचे पदर बघा, सगळ्यांचाच पदर उजव्या खांद्यावर असेल तर फोटो उलटा आहे असं समजा आणि कोटाची बटणं बघून खात्री करून घ्या.

मोठ्यांना विचारताना

'हे कोण' असं विचारलं की 'आता काय आठवणार बाबा' असं उत्तर येतं. त्याऐवजी फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवा आणि वस्तूंबद्दल विचारा, ही छत्री कोणाची, इथून फेरी कुठे जायची, या दुकानात काय मिळायचं. नावं आपोआप येतात. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, अर्थात विचारून. दोन जणांनी दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा, भांडण आपण सोडवायचं नाही. आणि हे काम पुढच्या चवथीवर ढकलू नका.

त्याच जागी उभं राहून नवा फोटो

हे ऐच्छिक, पण जागा पक्की करायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. मोबाईलवर जुना फोटो घेऊन जा. चित्रात जवळची एक कड आणि लांबची एक कड शोधा जी एकमेकींना भिडतात, म्हणजे समजा फोंतेन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीतल्या एका बल्कांवाचा (दारापुढच्या बसायच्या ओट्याचा) कोपरा आणि मागच्या घराच्या कौलांचं टोक. त्या दोन्ही कडा तुमच्या डोळ्यांसमोर तशाच जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका, मग जवळच्या आणि लांबच्या घराच्या उंचीचं प्रमाण जुळेपर्यंत पुढे-मागे. झूमने हे जुळत नाही, पायांनीच जुळतं. एकदा जुळलं की फोटोग्राफर नेमका कुठे उभा होता ते कळतं. कधी ती जागा एखाद्याची खिडकी निघते. घरांच्या खिडक्यांना काच आहे की शिंपल्यांचे चौकोनी तुकडे आहेत तेही टिपून घ्या, जुन्या फोटोशी ताडून बघता येतं.

फोंतेन्हास आणि तिच्या शेजारची मळा ही वस्ती, इथे सकाळी लवकर जा, आणि लोकांच्या दारात, पायऱ्यांवर न विचारता उभे राहू नका. तिथले रहिवासी फोटोवाल्यांना खरोखर कंटाळलेत आणि त्यांचं चुकत नाही. जुना फोटो हातात दाखवून 'हे घर कुठलं सांगाल का' असं विचारलं तर हीच माणसं हाताला धरून नेतात, आत बोलावतात.

स्कॅन

साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्येच करा, कागदाचा पिवळेपणा, डाग, शाई हीसुद्धा माहिती आहे. 600 डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपायचे ते), छोट्या फोटोला 1200. सहा बाय नऊ सेंटीमीटरचा प्रिंट 600 ला केला तर लांब बाजू साधारण 2,100 पिक्सेल येते, 1200 ला त्याच्या दुप्पट. टिफ फाईल मूळ म्हणून ठेवा, पाठवायला जेपेग काढा. ऑटो करेक्शन, शार्पनिंग, धूळ काढणं, सगळं बंद. मागची बाजूही स्कॅन करा. फाईलच्या नावात जागा आणि काळ आला पाहिजे, जसं 'पणजी-राजवाडा-1911ते1923-पुढे' आणि 'मागे'. स्कॅनर नसेल तर फोटो सपाट ठेवून खिडकीच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न मारता, मोबाईल बरोबर समांतर धरून काढा.

एआयने रंग भरणं आणि चेहरे स्पष्ट करणं सध्या फार चाललंय. रंग हा अंदाज असतो, आणि स्पष्ट केलेला चेहरा तर पूर्ण बनवलेला असतो, तो तुमच्या पणजोबांचा नसतोच. करायचंच असेल तर वेगळी फाईल करा, नावात 'एआय' लिहा, आणि ग्रुपवर मूळ फोटोसोबतच टाका.

ठेवायचं कसं

गोव्याचा पावसाळा हा फोटोंचा सगळ्यात मोठा वैरी. दमट हवेत बुरशी धरते आणि कसर हा किडा जिलेटिन खातो. भिंतीला लागून असलेलं कपाट, तळमजला, माळा हे सगळं टाळा. घरात मधली, हवेशीर, कोरडी खोली बघा. प्रत्येक फोटो आम्लविरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या स्लीव्हमध्ये, सगळे घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ते बाहेर काढून गरम करून वाळवायचं, पावसाळ्यात हे वारंवार करावं लागतं, आणि हे जमणार नसेल तर घट्ट डबा उलट ओलावा आत कोंडतो, मग हवेशीर पुठ्ठ्याचा बॉक्स बरा. डांबरगोळ्या नकोत. चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम नकोत, 1980 च्या दशकात सगळ्यांनी हौसेने घेतले आणि त्यातले फोटो आता सुटत नाहीत. फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता. बॉलपेन कधीच नाही.

फिल्मच्या निगेटिव्ह सापडल्या तर त्या वेगळ्या ठेवा. कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं असेल तर ठीक. ते नसेल, चिकट झाल्या असतील, तपकिरी भुकटी पडत असेल तर ती नायट्रेट असू शकते, जी 1950 च्या आसपासपर्यंत वापरात होती आणि पटकन पेट घेते. उष्णतेपासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ॲसिटेट खराब होतेय, ती आधी स्कॅन करा.

आणि शेवटी कोणाकडे जायचं. जागा ओळखता आली नाही तर पणजीच्या पाट्टो भागातल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा, 1832 पासूनची ही संस्था, गोव्याबद्दलची जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं तिथे बघता येतात. पणजीतलं पुराभिलेख खातं आणि पर्वरीचं झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च हेही. जाताना मूळ फोटो नेऊ नका, प्रिंट आणि वहीचं ते पान न्या. कोणी मूळ प्रत मागितली तर घरात बोलून ठरवा, द्यायची असेल तर काय दिलं, किती दिलं, कोणत्या अटीवर दिलं ते कागदावर घ्या, आणि स्कॅनच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.